पांढऱ्या उजेडात न दिसलेलं रक्त

माझी शेवटची पोस्टिंग ईशान्येच्या सीमेवर होती. तिकडे हिवाळ्यात साडेचारलाच दिवस मावळतो. मी हवालदार, दहा जणांच्या सेक्शनचा कमांडर, गाव रहिमतपूर. नायक बिरू कोळेकर जतकडचा, मेंढपाळाच्या घरातला. नर्सिंग असिस्टंट शिंदे वाईचा.

त्या महिन्यात नवे टॉर्च आले. पुरवठादाराच्या माणसाने ग्राउंडवर डेमो दिला. समोरच्या डोंगरावर झोत टाकला आणि साहेब लोक खूश झाले. उजेड पांढरा, निळसर झाक असलेला. मी तो चिखलात पडलेल्या लाल दोरीवर टाकला. दोरी काळपट दिसली. सुभेदारसाहेबांना सांगितलं.

"साहेब, ह्यात तांबडं दिसत न्हाई."

"हवालदार, डोंगर दिसतोय ना? मग दोरी कशाला बघताय?"

दुसऱ्या दिवशी जुने पिवळे टॉर्च स्टोअरमध्ये जमा झाले. पावतीवर सही मीच केली.

त्यानंतर आठवड्याने आमची तुकडी गस्तीवरून परत येत होती. पाऊस आणि धुकं. पोस्ट तासाभरावर राहिली असताना, १६५० आवर्सला, म्हणजे पाचला दहा कमी असताना, पायवाट खचली. बिरू दगडांसकट खाली नाल्यात गेला.

आम्ही टॉर्च लावले. झोत धुक्यावर आपटून आमच्याच डोळ्यांत येत होता. समोर चादर टांगल्यासारखं झालं. शेवटी आवाजावरून खाली उतरलो.

"बिरू, कुठं लागलंय रं?"

"पाय मुरगाळलाय उस्ताद. बाकी काय न्हाई."

शिंदेने टॉर्च धरून डोकं, छाती, हात, पाय तपासले. पँट चिखलाने काळी, दगड काळे, पाणी काळं. त्याने हातही फिरवला. बोटं गारठलेली, सगळंच ओलं. मी रेडिओवर बोललो.

"एक कॅज्युअल्टी. पाय मुरगळलाय. स्टेबल. ओव्हर."

"रॉजर. धुकं आहे, घाई करू नका. स्ट्रेचर पार्टी निघतेय. ओव्हर."

आम्ही घाई केली नाही. बिरूने दोनदा पाणी मागितलं. मग म्हणाला, "उस्ताद, लय झोप याला लागलीया." मला वाटलं, थंडीने.

१८०५ ला स्ट्रेचर पार्टी पोहोचली. त्यांच्यात आमचा स्वयंपाकी जगताप होता. त्याच्याकडे स्वतःचा जुना बल्बचा टॉर्च होता, मिणमिणता, पिवळा. त्याने तो बिरूच्या पायावर धरला आणि ओरडला.

"आवं, हे सगळं रगात हाय!"

मांडी मागून फाटली होती. पँट, दगड, शिंदेचे हात, सगळं लाल. तासभर आम्ही त्या रक्तात बसलो होतो. शिंदेने मांडीवर टुर्निके, रक्त थांबवायचा पट्टा, आवळला. १८४० ला बिरू गेला.

डॉक्टरसाहेब म्हणाले, रक्त लगेच थांबवलं असतं तर वाचला असता. चौकशीत कारण लिहिलं गेलं: अपुरा प्रकाश. ते वाचून माझं डोकं फिरलं. प्रकाश अपुरा नव्हता, डोळे दिपत होते. त्या प्रकाशात तांबडा रंगच जवळजवळ नव्हता. उजेडात जो रंग नाही, तो रक्तावर दिसणार कुठून? मी तसं लेखी दिलं. कागद परत आला, शेरा होता, "विषयाशी संबंध नाही."

आता बाजारात कुणी "लय पॉवरचा हाय" म्हणून टॉर्च पुढे केला, की मी झोत आधी माझ्या तळहातावर टाकतो. तळहात प्रेताचा दिसला, तर परत देतो. दुकानदार हसतात. हसू देत.

रिटायर झाल्यावर जतला गेलो. बिरूचे वडील माळावर होते. मी काही लपवलं नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"उजेड हुता म्हंता?"

"व्हय आबा. लय हुता."

"आन् तुमी नऊ माणसं?"

"व्हय."

"तरी माज्या लेकराचं रगात कुणालाच दिसलं न्हाई?"

"न्हाई दिसलं, आबा."

ते उठले आणि मेंढरांकडे चालायला लागले. 

नायक बिरू कोळेकर एकतीस वर्षांचा होता. उतारावर त्याच्यासारखा पाय आमच्या कंपनीत कुणाचा पडत नसे. म्हणून त्या दिवशी त्याला सगळ्यांत पुढे मीच घातलं होतं.