साहेबांनी खोडलेली ओळ

साहेब काल गेले. मला वाईट वाटलेलं नाही.

सकाळपासून जळगावचे तीन ग्रुप फुलांच्या फोटोंनी भरलेत. 'देवमाणूस.' 'गरिबांचे डॉक्टर.'

एका शहाण्याने तर लिहिलंय, 'तान्ह्या बाळांचं रक्त वेळीच तपासून इन्फेक्शन पकडायची पद्धत आपल्या भागात साहेबांनी आणली.'

हे वाचलं आणि चहा तसाच राहिला.

आणली खरी. कशी आणली ते मी सांगते. त्यांच्या प्रसूतिगृहात, जिन्याखालच्या लॅबमध्ये मी टेक्निशियन होते. साल अठ्ठ्याऐंशी-एकोणनव्वद.

धरणगावकडची एक बाई बाळंत झाली होती. मुलगी. चौथ्या दिवशी बाळाने दूध सोडलं. बाळाची आजी नर्सच्या मागेमागे फिरत होती, "पोर दूध पेत नही, बाई. हातपाय थंडा पडी ग्यात."

म्हातारीची कटकट थांबावी म्हणून साहेबांनी बाळाच्या टाचेतून रक्त घ्यायला सांगितलं.

पांढऱ्या पेशींचा काऊंट आला तीन हजार. मी काचेवर थेंब पसरून मायक्रोस्कोपखाली पाहिलं. पेशी थोड्या, आणि त्यातल्याही बऱ्याचशा कच्च्या, पुरत्या तयार न झालेल्या.

धुळ्याला शिकताना आमच्या मॅडम बजावायच्या, "मोठ्या माणसाच्या पेशी इन्फेक्शनमध्ये वाढतात. तान्ह्याच्या लढून संपतात. कमी दिसल्या तर जास्त घाबरा."

मी घाबरले. रिपोर्टखाली एक ओळ लिहिली : 'कच्च्या पेशी फार. रक्तात इन्फेक्शनची शक्यता.'

साहेबांनी ती लाल पेनने खोडली.

"काऊंट वाढलेला नाही, ताप नाही. कसलं इन्फेक्शन? तू आकडे लिही. अक्कल नको लिहूस."

"सर, पण तान्ह्या बाळाच्या बाबतीत..."

"इथे डॉक्टर कोण आहे?"

नर्स हसली. कंपाउंडर हसला.

मी नवा कागद घेतला, आकडे उतरवले आणि ओळ गाळली. हो, मीच गाळली. नोकरी नवी होती, आणि साहेबांपुढे भल्याभल्यांची बोबडी वळायची.

इन्फेक्शनवरची इंजेक्शनं त्याच इमारतीत, कपाटात होती.

दुसऱ्या दिवशी पाचवी. आजी लॅबच्या दारात येऊन उभी राहिली.

"ताई, एक कोरा कागद दे ना. आज सटीमाय लिखाले येई."

पाचवीला सटवाई बाळाचं नशीब लिहायला येते, म्हणून पाटावर कागद आणि पेन ठेवायचं, ही आमच्याकडची रीत. दवाखान्यातही बायका खाटेजवळ पाट मांडायच्या.

मला सांगायचं होतं, आजी, पूजा राहू द्या, पोरीला उचला आणि दुसऱ्या डॉक्टरकडे न्या. शब्द अगदी ओठांवर आले होते.

मी रिपोर्टच्या पॅडमधला एक पाठकोरा कागद फाडून दिला.

सकाळी ड्युटीवर आले, तर बाळ गेलं होतं.

साहेब आजीला समजावत होते, "सटवाईने लिहिलेलं कुणाला टळतं का, आजी?"

एरवी बाळाच्या कपाळावर अंगारा दिसला की बायकांवर डाफरणारा हा माणूस. त्या दिवशी मात्र सटवाई बरोबर कामाला आली.

घरी निघताना आजीने कागद परत आणून दिला. "ले ताई. तिनी काहीच लिखं नही."

कागद कोराच होता.

पुढच्या आठवड्यापासून एखादं बाळ जरा सुस्त दिसलं की साहेब लगेच रक्त पाठवायचे. वर स्वतः लॅबमध्ये येऊन विचारायचे, "कच्च्या पेशी किती?"

त्यामुळे पुष्कळ पोरं वाचली. ते नाकारण्याइतकी मी खोटी नाही. तुमच्यापैकी कुणी त्यातले असाल.

पण त्या मुलीबद्दल एक अक्षर नाही. माझ्याशी नाही, आजीशी नाही. 'चुकलो' म्हणायला काय जीभ झिजत होती?

आणि मी तरी कुठे बोलले? साहेब जाईपर्यंत गप्प बसले. मेलेल्या माणसाशी भांडायला हिंमत लागत नाही, हेही मला कळतं.

तो कागद माझ्या ट्रंकेत आहे. आज काढला आणि गाळलेली ओळ त्यावर लिहिली.

साहेबांना फुलं तुम्ही वाहा. ही पोस्ट त्यांच्यासाठी नाही.

बाळा, तुझं नाव ठेवायचं राहून गेलं. खाटेवर 'धरणगाव, मुलगी' एवढंच लिहिलेलं होतं.

मला कळलं होतं गं. मी बोलले नाही.

नीट जा, पोरी.