पित्त नव्हतं ते

लग्न होऊन मी पुण्याजवळ मांजरी गावाला आले तेव्हा आमच्याभोवतीचा निम्मा ऊस इमारतींखाली गेला होता. ह्यांची हडपसरला नोकरी होती, सगळं सुरळीत चाललं होतं. मग हळूहळू हे बोलेनासे झाले. कामावर जाईनात. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. कोणी आलं की सासूबाई दारातच सांगायच्या, "पित्त झालंय त्याला. झोपलाय."

एका सकाळी हे म्हणाले, "जगावंसंच वाटत नाही गं." मी त्यांचा हात धरून ठेवला आणि सासूबाईंना हाक मारली. त्यांच्यासमोर सगळं सांगून टाकलं. वाटलं, रागावतील.

त्या पलंगावर बसल्या. पोराचे पाय मांडीवर घेतले आणि त्याला म्हणाल्या,

"माझा धाकटा भाऊ असाच गप झाला हुता. त्यानं जीव दिला. आम्ही गावाला सांगितलं, साप चावला. मीबी तेच सांगत आले. तुलाबी."

हे उठून बसले.

"डॉक्टर हाय का कोणी माहितीतला?" सासूबाईंनी मला विचारलं.

डॉक्टर होते, पण येरवड्याच्या मनोरुग्णालयात. पुण्यात येरवड्याचं नाव काढलं की लोक डोक्याशी बोट फिरवतात, म्हणून मी चाचरत सांगितलं.

"मग येरवड्याला जाऊ. आत्ताच."

तिघं रिक्षानं गेलो. औषधं लागू पडायला वेळ लागला. एकटं सोडू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं; सासूबाई शेंगा सोलायलासुद्धा ह्यांच्या खोलीत बसायच्या.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला शेजारणीनं सासूबाईंना विचारलं, "पित्त कमी आहे का आता?"

"पित्त नव्हतं ते. डिप्रेशन हाय त्याला. येरवड्याच्या डॉक्टरची गोळी चालू हाय."

बायकांनी विषय तिळगुळावर नेला. सगळ्या निघाल्यावर एक जण मागे थांबली, दार लोटून घेतलं आणि आपल्या मुलीबद्दल सांगू लागली. सासूबाईंनी मला पुन्हा चहा टाकायला लावला.

हे आता कामावर जातात. वाईट दिवस अजून येतात, पण आले की सांगतात. अशाच एका दिवशी त्यांनी विचारलं, "आई, मामा कसा होता?"

मामा कसा गेला ते कळलं होतं, पण तो कसा होता हे घरात कधी निघालंच नव्हतं. सासूबाईंनी पदर खोचला. "लई हसवायचा," म्हणाल्या. "शाळंतल्या मास्तरांची नक्कल करायचा." आणि कमरेवर हात ठेवून, मान तिरकी करून त्यांनी ती नक्कल करून दाखवली. हे हसले. सासूबाई हसल्या, रडल्या, आणि पुढं सांगत राहिल्या.