काळ्या भिंतीवरच्या लाल खुणा

आमच्या भूशास्त्र विभागात लाल ऑइलपेंट कधी संपत नाही. प्रिंटरची शाई संपते, सूक्ष्मदर्शकाचा बल्ब गेला तर नवा यायला अख्खं सत्र जातं, पण लाल रंगाचा डबा आणि दोन ब्रश कपाटात असतातच. हा आमच्या विभागप्रमुखांचा कायदा आहे. विद्यार्थी फील्डवर गेले की जिथे मोजमाप घेतलं, तिथे खडकावरच खूण रंगवायची आणि शेजारी आकडा टाकायचा. सर म्हणतात, "वहीत काय, काहीही लिहिता येतं. खडकावर लिहिलं की मी जाऊन तपासू शकतो." आणि ते खरंच जातात. मी त्यांची विद्यार्थिनी होते तेव्हा माझी एक चुकलेली खूण त्यांनी मला भर उन्हात घासायला लावली होती. आता मी त्याच विभागात शिकवते, तरी त्यांच्या नजरेत माझ्या हातातून तो घासायचा ब्रश अजून सुटलेला नाही.

माझं माहेर डोळखांबच्या पुढे, डोंगराच्या पोटातला एक पाडा. शहापूरहून जीप मिळते, शेवटचा तुकडा पायी. भाताची खाचरं, डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत नाचणी, आणि घराच्या खालच्या अंगाला ओहोळ. त्या ओहोळाला आडवी गेलेली एक काळी भिंत आहे. ती कोणी बांधलेली नाही. फार पूर्वी लाव्हाच्या थरांना उभी भेग पडली, तिच्यात खालून आणखी लाव्हा घुसून थिजला. आजूबाजूचा खडक झिजत गेला आणि हा कठीण भाग तसाच उभा राहिला. पुस्तकात त्याला डाइक म्हणतात. आम्ही लहानपणी त्याला काळी भिंत म्हणायचो आणि तिच्यावरून डोहात उड्या टाकायचो. मी भूशास्त्राकडे वळले त्यात त्या भिंतीचा हात मोठा आहे, आणि स्टाफरूममध्ये चहा पिताना मी तिची फुशारकी कितीदा मारली असेल याला हिशेब नाही.

मे महिन्यात एका गुरुवारी दादाचा फोन आला. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. शेती तोच बघतो, आणि भात झोडून झालं की शहापूरच्या बाजूला गोदामात कामाला जातो. यंदा त्याने जुन्या घराशेजारी दोन खोल्यांचं पक्कं घर काढलं होतं. भिंती उभ्या राहिल्या होत्या, पावसाआधी फक्त स्लॅब पडायचा राहिला होता. मला वाटलं स्लॅबचा दिवस कळवायला फोन केलाय.

"स्लॅब नाय टाकत," तो म्हणाला. "धरन येतंय."

"कुठे?"

"आपल्या ओहळावर. काल्या भितीवर लाल खुना केल्यान. या काठापासून त्या काठापर्यंत, एका रांगेत. नंबर घातलेत. सगला पाडा बघून आला."

त्या महिन्यात पाड्यातली बरीच घरं वीटभट्टीवरून नि बाहेरच्या कामावरून परत आली होती, तेव्हा कुठे खुणा कुणाच्या तरी नजरेला पडल्या. केल्या कधी आणि कोणी, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. फक्त आईने मध्ये कधीतरी टोप्या घातलेली पोरं लांबून पाहिली होती. पोरं हसत होती, एवढंच तिला आठवत होतं.

पुढचं मात्र त्याहून वाईट होतं. मुरबाडकडचा एक जमिनीचा दलाल बातमीच्या वासावर येऊन गेला होता. पाण्याखाली गेल्यावर सरकार देईल तेव्हा देईल, मी आत्ताच घेतो, असं त्याचं म्हणणं. सोमवारी शहापूरला जाऊन सह्या करायच्या, ओहोळाकाठची खाचरं आणि अर्धवट बांधलेलं घर त्याच्या नावावर करून मोकळं व्हायचं, असं दादाने ठरवून टाकलं होतं.

मी त्याच्यावर ओरडले, तर तो शांतपणे म्हणाला, "आयला विचार." आईचं माहेर एका धरणाच्या पाण्याखाली आहे. ती परकरात होती तेव्हा गाव उठलं. मुंबईला पाणी गेलं आणि तिच्या बापाला डोंगरावर कातळ मिळाला. दुधाने तोंड पोळलेलं माणूस ताक फुंकून पितं, त्याला हसण्यात अर्थ नसतो.

दोन दिवस मी फोन करत सुटले. पाटबंधारे खात्यातली मैत्रीण, तलाठ्याच्या ओळखीचा एक जण, जुने विद्यार्थी. कुणालाच काही माहीत नव्हतं, आणि माहीत नाही म्हणजे लपवतायत, असं मला वाटायला लागलं. शेवटी विभागात सरांना विचारलं. गावाचं नाव सांगून म्हटलं, तिथे धरण होतंय असं ऐकलंय. सरांनी चष्मा वर केला. "धरण? खडक बघितलाय का त्यांनी तिथला?" आणि पाझराविषयी त्यांनी मला फळ्यावर आकृती काढून दाखवली. माझ्या घराचा प्रश्न होता आणि मला आकृती मिळाली. मी चरफडत बाहेर आले.

शनिवारी पहाटे निघाले. घरी पोचले तर वहिनी स्लॅबसाठी लावलेल्या सेंट्रिंगच्या फळ्या उतरवून रचत होती. तिने पाण्याचा तांब्या दिला. आई ओट्यावर बसली होती. मी चप्पलही न काढता दादाला म्हटलं, चल, दाखव.

ओहोळ सुकलेला होता, फक्त डोहात थोडं पाणी. काळ्या भिंतीवर खरंच एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत लाल खुणा होत्या. दादा पहिल्या खुणेपाशी थांबला आणि बोट ठेवून समजावू लागला. "ही लांब रेघ हाय ना, ती धरनाची भित. आनि तिच्या मधनं ही बारकी रेघ निघलीय, ती पान्याची बाजू. बघ कोनाच्या अंगाला हाय. वरच्या, आपल्याच."

एक लांब रेघ, तिच्या मधोमध काटकोनात निघालेली छोटी रेघ, शेजारी आकडा. जगातला कुठलाही भूशास्त्राचा विद्यार्थी ही खूण झोपेतही ओळखेल. लांब रेघ म्हणजे खडक कुठून कुठे गेलाय, छोटी रेघ म्हणजे तो कुठल्या बाजूला कललाय, आणि आकडा म्हणजे किती. त्या आकड्यातल्या साताच्या पोटात आडवी रेघ मारली होती. सात असा काढायचा हाही आमच्या विभागाचाच कायदा.

मी तिथेच कातळावर बसले. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा. एम.एस्सी.ची मुलं मार्चमध्ये डाइकचा नकाशा करायला गेली होती, मी तेव्हा परीक्षेच्या ड्यूटीवर होते, मुलं कुठे गेली ते विचारलंही नव्हतं. जागा सरांनी निवडली होती, अर्थात माझीच फुशारकी ऐकून. पण सरांच्या डोक्यात गावांची नावं राहत नाहीत, नकाशाच्या शीटचे नंबर राहतात. मी गावाचं नाव सांगितलं, त्यांना ते परकं वाटलं. मला आधी हसू आलं, मग रडू, आणि दोन्ही एकदमच आवरेनात. माझा जीव भांड्यात पडला होता.

दादाचा मात्र पडला नाही. मी सगळं सांगितलं, खुणेचा अर्थ सांगितला, ही आमच्याच पोरांची करणी आहे म्हणाले. त्याने ऐकून घेतलं. घरी आल्यावर आई म्हणाली, "माझ्या माहेराला पन आधी पोराच आलती. आमी इचारलं तर बोलली, अभ्यास चाललाय. हसत होती."

आपलेच दात आणि आपलेच ओठ. पाडा माझा आणि विभागही माझा, आणि मध्ये मी खोटी पडत होते. दादा एवढंच म्हणाला, "तू शिकलेली हायस गो. तुला सांगतील ते तू खरं मानशील. सोमवार लांब नाय."

मी सरांना फोन लावला. झालं ते सांगितलं, आणि आवाज चढला तो चढलाच. विद्यापीठात विभागप्रमुखांशी असं कुणी बोलत नाही. सर म्हणाले, "उद्या येतो. ज्यांनी रंगवलंय त्यांनाही घेऊन येतो."

रविवारी सकाळी ते खरंच आले. टोपी, खांद्याला झोळी, गुडघ्याला पट्टा. मागे एक मुलगा आणि एक मुलगी, दोघांचे चेहरे पडलेले, हातात टर्पेंटाइनची बाटली नि तारेचे ब्रश. अख्खा पाडा ओहोळावर जमला. सरांनी सगळ्यांना हात जोडले आणि म्हणाले, "चूक आमची आहे. विचारल्याशिवाय कुणाच्या दारात रंग लावायचा नसतो." आयुष्यात मी त्यांना चूक कबूल करताना प्रथमच ऐकत होते. पण लोकांवर काही परिणाम झाला नाही. हात जोडणारे साहेबही त्यांनी पाहिले होते. कुणीतरी मागून म्हणालंसुद्धा, "सायब गोड बोलतोय."

मग सर घासायला सुरुवात करणार तोच, नेमक्या आमच्या खाचराच्या टोकाला असलेल्या खुणेपाशी थबकले. झोळीतून दिशा आणि कल मोजायचा कंपास काढला. खडकाला लावला. पुन्हा लावला. मान वर केली तेव्हा त्यांचा चेहरा लाल झाला होता.

"हे कुणी मोजलं?"

मुलगी म्हणाली, "मी, सर."

"खडक कुठल्या बाजूला कललाय?"

"ओहोळाच्या वरच्या, सर."

"वरच्या? डोळे उघडे होते का? उभी राहा इथे. आता सांग!"

आणि पुढे जे झालं ते मी जन्मात विसरणार नाही. सर पाडा विसरले, धरण विसरले, माफीही विसरले. गुडघ्याच्या पट्ट्यासकट ते डोहाच्या कडेला उतरले, मुलीला पलीकडे पाठवलं, मुलाला भिंतीवर चढवलं. मुलगी ऐकेना. ती म्हणत होती, मी तीनदा मोजलंय. सर म्हणत होते, तीनदा चुकलीस. भर उन्हात दोघांची हमरीतुमरी जुंपली. सर तिला विचारत होते, शेवटच्या वर्षाला आलीस कशी. ती म्हणत होती, तुम्हीच पास केलंत. पाड्यातली माणसं सावलीला बसून तमाशा बघत होती. वहिनीने मध्येच पाणी नेऊन दिलं, ते सरांनी न बघता पिऊन टाकलं. अखेर मुलीने स्वतः कंपास लावला, बराच वेळ बघितलं आणि बारीक आवाजात म्हणाली, "हो सर. खालच्या बाजूला आहे."

"मग आधी नकाशात दुरुस्त कर. मग घास," सर म्हणाले आणि धापा टाकत बसले.

दादा माझ्या शेजारी उभा होता. त्याचे खांदे हलत होते. मला वाटलं रडतोय, पण तो हसत होता. "सरकारी मानूस एका रेघंसाठी एवढा भांडंल व्हय?" तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "ह्यो मास्तरच हाय. पक्का मास्तर!" मागून हशा उसळला. मग दादाला आणखी काहीतरी सुचलं. "आनि बाजू पन चुकली होती. म्हंजे पानी आमच्या अंगाला नव्हतंच!" आता तर आईसुद्धा पदर तोंडाला लावून हसली. कित्येक दिवसांत ती हसली नव्हती, असं वहिनीने मला नंतर सांगितलं. मला त्या म्हाताऱ्या, तापट माणसाला मिठी मारावीशी वाटली. मारली नाही, तेवढी हिंमत नव्हती.

सगळ्या खुणा घासून होईपर्यंत दुपार टळली. जेवायला नाचणीची भाकरी आणि सुक्या बोंबलाचं कालवण होतं. मुलगी आईच्या शेजारी बसली होती, आई तिला म्हणत होती, "खा गो, लय बोलनी खाल्लीस." अर्धवट घरात, विटांच्या भिंतीला टेकून सर जेवत होते. तेव्हा दादाने विचारलं, "मास्तर, उद्या धरनवाले खरंच आले तर कसं वलखायचं?"

सरांनी घास खाली ठेवला. "आले तर थांबवणं माझ्या हातात नाही. खोटं कशाला सांगू? पण खूण कसली आहे, एवढं मी सांगू शकतो. कोणी काही रंगवलं, काही ठोकलं, तर आधी मला फोन करायचा. त्याआधी सही करायची नाही."

मुलांच्या पिशवीत लाल रंगाचा डबा होताच, सरांनी लावलेल्या सवयीने आणलेला. दादाने तो उघडला आणि समोरच्या विटांवर, सर सांगतील तसा, त्यांचा नंबर मोठ्या आकड्यांत रंगवला. सात लिहिला तेव्हा सरांनी लगेच अडवलं, "पोटात रेघ मार." दादाने मारली.

सोमवारी दलाल दादाला शहापूरला न्यायला आला. त्याला दादाने चहा पाजला आणि वाटेला लावला. वहिनीने सेंट्रिंगच्या फळ्या पुन्हा चढवायला घेतल्या, आणि पाऊस यायच्या आत स्लॅब पडला. घमेली हातोहात द्यायला अर्धा पाडा आला होता. विभागातून तो मुलगा आणि ती मुलगीही आली होती, न बोलावता.

दिवाळीला गेले तेव्हा आतून गिलावा झाला होता, भिंती पांढऱ्या झाल्या होत्या. फक्त दारासमोर एक चौकोन विटांचाच राहिला होता आणि त्यात तो लाल नंबर. आईला वाचता येत नाही. पण गवंडी तिथे पोचला तेव्हा ती भिंतीला पाठ लावून उभी राहिली आणि तेवढी जागा तिने त्याला सोडायला लावली.