वाजव की बेल!

काळात मागे जाण्याच्या त्या चित्रपटातल्या सालांचा हिशेब जुळत नव्हता, हे मी मध्यंतरातच बायकोला सांगितलं. पण भूतकाळात पोचलेला नायक रुसलेल्या भावाच्या दाराशी थबकला, तेव्हा मागच्या रांगेतल्या आजी ओरडल्या, "अरे मेल्या, वाजव की बेल!" सगळे हसले, मग "वाजव, वाजव" म्हणू लागले. मीसुद्धा. पडद्यावरचं आधीच ठरलेलं असतं. तरी माणसं किती मनापासून त्याला पुढे ढकलतात!

बाहेर येताच बायकोने बहिणीला फोन लावला. आईच्या आजारपणात बिनसल्यापासून दोघींचं बोलणं बंद होतं.

"ताई, मी बोलतेय. ठेवू नकोस."

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं.

"नाही गं, रडत कुठे? पिक्चर बघून आलेय."