मास्तरांच्या बायकोची शीळ

छापखान्यात खिळे जुळवता जुळवता त्याने कुणाचं तरी एक सरकारविरोधी पत्रक जुळवून दिलं आणि अकरा वर्षांसाठी आत गेला. कोठडीत सोबतीला एक शाळामास्तर. कागद नाही, पेन्सिल नाही. दोघांनी ठरवलं, एकमेकांचं घर तोंडपाठ करायचं. जो सुटेल त्याने दुसऱ्याचं लिहून काढायचं. मास्तर आपलं घर त्याच्याकडून घोकून घेत. खिडकी कुठल्या अंगाला, बायको हसते कशी, रागावते कशी. चुकला की पुन्हा पहिल्यापासून.

सातव्या वर्षी मास्तर छातीच्या दुखण्याने गेले. हा सुटला तेव्हा याची बायकोही राहिली नव्हती. सहा वर्षांची असताना मागे राहिलेली मुलगी आता शिवणकामावर पोट भरत होती. तिच्या मशीनशेजारी बसून त्याने तीन वर्षांत पुस्तक लिहिलं. मास्तरांच्या घरावर ऐंशी पानं. स्वतःच्या बायकोवर जेमतेम दीड. तिचं काही आठवतच नाही, असं त्याने सरळ लिहून टाकलं होतं. ते वाचून मुलगी दोन दिवस धड बोलली नव्हती.

पुस्तकाची पहिली प्रत त्याने मास्तरांच्या बायकोला नेऊन दिली. आठ दिवसांनी ती आली, पुस्तक मांडीवर घेऊन बसली. वाचताना रडू आवरलं नाही म्हणाली, पण एक विचारायचं होतं.

“भाऊ, यात मी कपडे वाळत घालताना शीळ घालते. मला शीळ येत नाही हो. कधीच येत नव्हती.”

मास्तरांनी शंभरदा सांगितलंय, असं तो हसत म्हणाला. शेजारचं मशीन थांबलं.

“बाबा,” मुलगी म्हणाली, “शीळ आई घालायची.”

पुस्तक उघडून तो एकेक विचारत गेला. रागावली की दार आपटणारी? मास्तरांची बायको म्हणाली, ती तर रागावली की गप्प बसते. मुलीने खाली बघत मान हलवली, दार आईच आपटायची. गालावरचा तीळही आईचाच. पानामागून पान तेच निघालं. आपल्या बायकोला जपून ठेवायला त्याला दुसऱ्याचं घर सापडलं होतं, आणि तिथली खरी बाई कधी बाहेर गेली ते त्याला कळलंच नव्हतं.

मुलगी ओढणीत तोंड खुपसून रडत होती. मास्तरांची बायको मात्र कोरड्या डोळ्यांनी बसली होती.

“मग माझ्याबद्दल ते काय बोलायचे?”

त्याने डोळे मिटले. मास्तरांचा आवाज ऐकू आला, खोकला ऐकू आला. शब्द एकही नाही.

“आठवलं तर या,” असं म्हणून ती उठली. पुस्तक तिथेच ठेवून गेली.

महिनोन्महिने त्याने डोकं शिणवलं. पहिले काही दिवस तो तिच्या गल्लीतून गेला की ती दारात उभी दिसायची, तो जवळ आला की एक पाऊल पुढे यायची. मग त्याने त्या गल्लीने जाणंच सोडून दिलं.