फोडणी न दिलेला भात

माझा भात मोकळा होतो. शीत न् शीत सुटं. हे मी स्वतःच्या तोंडानं सांगते, कारण दुसरं कुणी सांगेल म्हणून वाट बघत बसायचा माझा स्वभाव नाही. दौंडहून लग्न होऊन शिरूरला आले तेव्हा सासूबाईंनी माझ्या बाकी सगळ्यात खोट काढली, पण भाताला नाव ठेवायला त्यांना जागा मिळाली नाही. त्याच भातानं पुढं मला पार तोंडघशी पाडलं.

नव्वदीचं दशक सरून दोन-तीन वर्षं झाली होती. रांजणगावच्या एमआयडीसीत एकामागून एक कारखाने उभे राहत होते. त्यातल्या एकात मशिनरी बसवायला कोरियातून तीन इंजिनीअर आले. त्यांच्यासाठी कंपनीनं शिरूरमधल्या एका बागायतदाराच्या नव्या बंगल्याचा वरचा मजला भाड्यानं घेतला. माझा नवरा त्याच कंपनीत पॅकिंगला होता. त्यानं धीर करून अ‍ॅडमिनच्या साहेबाला सांगितलं, बायको स्वयंपाक चांगला करते. साहेब म्हणाला, "महिनाभर बघू. पाहुणे जेवले तर बाई कायम. नाही जेवले तर त्यांना पुण्याच्या हॉटेलात हलवू आणि इथलं गेस्टहाऊस बंद."

मला ती नोकरी हवी होती. पगारासाठी हवी होतीच, पण नुसती तेवढ्यासाठी नाही. आम्ही बौद्ध. आदल्या वर्षी मी कंपनीतल्या पोरांना डबे द्यायला सुरुवात केली होती. अकरा डबे जायचे. मग कुणीतरी पोरांना आमची वस्ती सांगितली, घरातल्या भिंतीवर कोणते फोटो आहेत ते सांगितलं, आणि आठवड्याभरात सहा डबे बंद झाले. तोंडावर कुणी काही बोललं नाही. एकाला पित्ताचा त्रास सुरू झाला, एकाची बहीण अचानक राहायला आली. मी रडले नाही. मला राग आला, आणि तो अजून पुरता गेलेला नाही. आपल्या हातचं कुणीतरी पोटभर जेवावं आणि आपलं आडनाव विचारू नये, एवढंच मला हवं होतं.

आडनाव पहिल्याच दिवशी विचारलं गेलं. बंगल्याच्या मालकीणबाई खालच्या मजल्यावर राहायच्या, सगळे त्यांना काकू म्हणायचे. त्यांनी मला गेटातच थांबवलं.

"कुठल्या तुम्ही?"

"माहेर दौंड. सासर हितलंच."

"तसं न्हाई. आडनाव काय म्हन्ले?"

मी सांगितलं. "असं व्हय," त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी निरोप आला की पुढच्या जिन्यानं यायचं नाही, मागच्या लोखंडी जिन्यानं यायचं.

वर तिघं साहेब. थोरले पन्नाशीचे, कमी बोलणारे. दोघं तरुण, त्यातल्या एकाला थोडं इंग्रजी यायचं आणि मोडकं हिंदी तो भराभर उचलत होता. मी पहिल्या आठवड्यात जीव ओतला. वरण, बटाट्याची भाजी, कमी तिखटाचा कोंबडीचा रस्सा, आणि माझा तो प्रसिद्ध भात. थोरले साहेब दोन काड्यांनी जेवायचे. काडीत धरलेलं सुटं शीत तोंडापर्यंत पोचायच्या आत ताटात पडायचं. ते पुन्हा उचलायचे, पुन्हा पडायचं. मला वाटायचं, बिचाऱ्याचा हात कापतोय. जेवण झालं की तिघंही मान झुकवून आभार मानायचे, खोलीत जायचे आणि येताना आणलेल्या नूडल्सची पाकिटं गरम पाण्यात टाकून खायचे. कचऱ्याच्या बादलीत ती पाकिटं मला रोज सकाळी सापडायची.

एक दिवस तरुण साहेबानं एक कॅलेंडर आणून दाखवलं. मोठ्या वाडग्यात भात, त्यावर कडेनं रंगीत भाज्यांचे छोटे छोटे ढीग, मधोमध अंडं. "बिबिमबाप," तो म्हणाला, आणि पोटावरून हात फिरवला. मी म्हटलं, एवढंच ना? दुसऱ्या दिवशी फोटोत होतं तसं मांडलं. मेथीची भाजी, मटकीची उसळ, परतलेलं गाजर, कोबी, वर हाफफ्राय. सगळ्याला जिरं-मोहरीची खमंग फोडणी, हळद, हिंग. ताट पिवळंधमक झालं. तरुण साहेब ताट बघून हसला, एक घास घेतला आणि पाण्याचा ग्लास उचलला. थोरल्यांनी चार घास खाल्ले. नूडल्सची पाकिटं संपत आली होती आणि महिन्यातले अकरा दिवस गेले होते.

सुटीच्या दिवशी एसटी धरून मी दौंडला आबांकडे गेले. माझे वडील रेल्वेच्या रनिंग रूममध्ये स्वयंपाकी होते. गाडी घेऊन आलेले ड्रायव्हर, गार्ड तिथं मुक्काम करायचे, आपापला शिधा आणायचे आणि आबा तो ज्याला हवा तसा शिजवून द्यायचे. बिहारी, मद्रासी, गुजराती, सगळे त्यांच्या हातचं जेवून गेलेले. मी माझं रडगाणं सांगितलं. आबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"त्यो भात तू खाल्लाय का कवा?"

"न्हाई."

"मंग करतीस कशाच्या जिवावर? फोटू बघून? आदी जाऊन खा. आन् मंग कर."

झालं. एवढं साधं मला सुचलं नव्हतं, याचाच राग आला.

कंपनीच्या जीपवर कवठे येमाईचे एक मामा ड्रायव्हर होते. येत्या रविवारी एक सुटा पार्ट आणायला ते पुण्याला निघाले होते. भाजी आणायची आहे असं अ‍ॅडमिनला सांगून मी त्यांच्या शेजारी बसले. पार्ट अर्ध्या तासात मिळाला. बिबिमबाप मिळेना. एका चायनीज हॉटेलात मालक म्हणाला, "मिळेल ना, बसा." त्यानं फ्राइड राइस आणला आणि वर एक अंडं ठेवलं. मामांनी प्लेट चाटूनपुसून साफ केली.

"चांगलं हाय की. ह्येच द्या सायबास्नी."

"मामा, ह्ये न्हाई ते."

"मला काय कळतंय? मी आपलं ग्वाड लागलं म्हून बोल्लो."

आणखी दोन हॉटेलं झाली. एकात वेटरनं मला शब्द तीनदा म्हणायला लावला आणि मग आतल्या चार जणांना बोलावून पुन्हा म्हणायला लावला. शेवटी कॅम्पात परदेशी डबे-बाटल्या विकणाऱ्या एका दुकानदारानं सांगितलं, एक कोरियन बाई तिळाचं तेल न्यायला येते, नदीपलीकडं एका बंगल्यात ती खाणावळ चालवते. पाटी नव्हती. दाराबाहेर बूट-चपला ओळीनं काढलेल्या होत्या. ते बघून मला बरं वाटलं. घर तरी माणसांचं आहे, म्हटलं.

आत कोरियन विद्यार्थी जेवत होते. बाई माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी, कमरेला एप्रन. मी "बिबिमबाप" म्हटलं तेव्हा तिनं आधी माझ्याकडं, मग मामांच्या टोपीकडं बघितलं आणि आम्हाला बसवलं. काळ्या दगडाच्या जाड वाडग्यातून चर्र आवाज करत भात आला. मी आपली ताटात जेवावं तशी जेवायला लागले. थोडा पालक, थोडा भात. थोडं गाजर, थोडा भात. बाई लांबून बघत होती. ती आली, तिनं माझ्या हातातला चमचा घेतला, लाल पेस्ट घातली आणि सगळं तळापासून ढवळून एक केलं. दोन वर्षांच्या लेकराला आई कालवून देते तसं. मग चमचा परत माझ्या हातात दिला.

मी खाल्लं. तिखट, किंचित गोड, भाजलेल्या तिळाचा वास. पालक पालकासारखा लागत होता, मूग मुगासारखे. फोडणी कशालाच नव्हती. आणि भात चिकट. चमच्याला, काडीला धरून राहणारा. थोरल्या साहेबांचा हात कापत नव्हता, दोष माझ्या भाताचा होता, हे मला तिथं बसल्या बसल्या उमगलं. वाडग्याच्या बुडाला भात लागून त्याची तांबूस खरपुडी झाली होती. बाईचा भात लागला, तिला कशाला खजील करा, म्हणून मी ती तशीच ठेवली. तर तिनं येऊन ती चमच्यानं खरवडली आणि खा म्हणून खूण केली. सगळ्यात गोड घास तो होता. मामांनी मात्र अंडं कच्चट आहे म्हणून बाजूला काढलं.

मामांनीच तिला हिंदीत सांगितलं, "ये कोरियन साब लोग का खाना बनाती है. साब खाता नहीं." बाई हसली. माझं मनगट धरलं आणि मला आतल्या स्वयंपाकघराकडं घेऊन निघाली.

उंबऱ्याशी माझे पाय थांबले. ते मी ठरवून केलं नाही, सवयच तशी होती. लहानपणापासून किती घरांत मी या जागी थांबले होते. तिला वाटलं मला कळलं नाही, म्हणून तिनं जरा जोरात ओढलं. मी आत गेले. तिनं सरळ तिच्या तांदळाच्या पातेल्यात माझा हात घालून पाणी बोटाच्या कितव्या पेरापर्यंत हवं ते दाखवलं. माझे डोळे भरून आले. ती पालक उकळत्या पाण्यातून काढत होती, वाफेनं तसं झालं असं तिला वाटलं असेल. पालक पिळायचा कसा, तेल शेवटी घालायचं कसं, कोबीला मीठ लावून किमची, म्हणजे त्यांचं तिखट लोणचं, मुरवायची कशी, सगळं तिनं हातानंच सांगितलं. निघताना लाल पेस्टचा एक डबा माझ्या पिशवीत घातला.

परत आल्यावर मी इंद्रायणी तांदूळ आणला, कारण चिकट होण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही. दगडी वाडगे मिळेनात, म्हणून बाजारातून बिडाच्या तीन छोट्या कढया घेतल्या. फोडणी न देणं फार जड गेलं. हात आपोआप मोहरीच्या डब्याकडं जायचा, शेवटी मी मिसळणाचा डबाच कपाटात ठेवून दिला.

एक चूक तरीही झालीच. किमची मुरायला हवी म्हटल्यावर मी ती बरणीत भरून दादरा बांधला आणि गच्चीत कडक उन्हात ठेवली. लोणचं उन्हातच मुरतं, हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत असतं. तिसऱ्या दिवशी बरणी फसफसून वाहायला लागली आणि वास खालच्या देवघरापर्यंत गेला. काकूंनी त्याच दिवशी अ‍ॅडमिनला फोन लावला. मी सगळं धुऊन पुसून काढलं आणि नवी बरणी थंडाव्याला ठेवली.

पण बिबिमबाप जमला. थोरल्या साहेबांनी पहिल्या दिवशी कढईतला भात ढवळला, एक घास घेतला आणि थांबले. मला वाटलं, गेलं सगळं. मग ते जेवत राहिले, बुडाची खरपुडी खरवडून खाल्ली आणि कढई माझ्यापुढं सरकवली. अजून वाढ म्हणून. त्या आठवड्यात कचऱ्यात एकही पाकीट सापडलं नाही. मी घरी जाऊन नवऱ्याला तीनदा तेच सांगितलं, आणि त्यानं तिन्ही वेळा नव्यानं ऐकलं.

महिना भरला त्या दिवशी दुपारी साहेब जेवत असताना अ‍ॅडमिनचा साहेब वर आला. काकूही मागोमाग आल्या आणि पुढच्या जिन्याच्या शेवटच्या पायरीवर थांबल्या. मी स्वयंपाकघराच्या दारात उलथनं घेऊन उभी होते. मी दहावी झालेली आहे, सावकाश बोललेलं इंग्रजी मला कळतं.

अ‍ॅडमिन साहेब म्हणाला, पुढच्या आठवड्यापासून पुण्याहून नवीन कुक येईल. तरुण साहेबानं ते थोरल्यांना सांगितलं. थोरल्यांनी चमचा खाली ठेवला.

"व्हाय?"

"स्मेल, सर. घरमालकांची तक्रार आहे."

थोरल्यांनी समोरच्या किमचीकडं बोट दाखवलं आणि काहीतरी बोलले. तरुण साहेबानं ते इंग्रजीत सांगितलं. वास किमचीचा आहे. किमची आम्हाला हवी. नवीन कुक आला तरी वास तोच येणार. मग बाई का बदलायची?

"ओनरच्या मिसेस जरा... कम्फर्टेबल नाहीत, सर."

"व्हाय?"

थोरले साहेब भांडत नव्हते. बंद पडलेल्या मशीनजवळ वाकून विचारावं तसं विचारत होते, त्यांना खरंच समजून घ्यायचं होतं. अ‍ॅडमिन साहेबानं माझ्याकडं बघितलं, मग जिन्याकडं. काकूंनी पदर सारखा केला. कारण आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. आमच्या गावात ते सांगावं लागत नाही, म्हणून कुणी कधी सांगतही नाही. आता ते पहिल्यापासून, नवख्या माणसाला, त्याच्या जेवणाच्या टेबलाशी उभं राहून उच्चारायचं होतं. तरुण साहेब भाषांतर करायला तयार बसला होता.

"व्हाय?" थोरल्यांनी तिसऱ्यांदा विचारलं.

अ‍ॅडमिन साहेबानं रुमालानं मान पुसली.

"नो रीझन, सर."

"ओके," थोरले साहेब म्हणाले आणि चमचा उचलून जेवायला लागले. काकू जिना उतरून गेल्या, आणि पुण्याच्या कुकचा विषय तिथंच संपला. मी आत जाऊन दुसऱ्या दिवसाचा तांदूळ निवडायला घेतला. काही कारण नाही, असं आमच्या बाबतीत कुणी मोठ्यानं कबूल केलेलं मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं होतं.