दादाच्या भिंतीखालचं गवत

दादा गेल्याची तार अकोल्याला जठारपेठेतल्या घरी आली, तेव्हा पहिला विचार मनात आला तो, सुटला बिचारा... त्या भीतीतून सुटला. सख्ख्या भावाबद्दल असं लिहू नये, पण खरं तेच आहे.

माझा हा थोरला भाऊ अमरावतीला कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचा. रानोमाळ हिंडून झाडं उपटायची, रद्दीत दाबून वाळवायची, जाड कागदावर शिवायची आणि खाली गावाचं नाव लिहायचं, हा त्याचा नाद. वहिनी म्हणायची, "लोकाईचे नवरे भाजी आनतेत, आमचे कचरा आनतेत." एका पावसाळ्यात तो आमच्याकडे अकोल्याला आला आणि रेल्वेच्या मालधक्क्यामागून बारीक पांढऱ्या फुलांचं एक अनोळखी रोप घेऊन आला. आज त्याला सगळे गाजरगवत म्हणतात. तेव्हा मात्र दादाला आनंदानं जेवण गेलं नाही. रोप त्यानं अमरावतीला नेलं, गच्चीवर वाळवलं आणि रद्दीचे कागद तिथूनच खाली झटकले. तिथंच घात झाला. पुढच्या पावसात मागच्या भिंतीखाली त्याच रोपांची ओळ उगवली.

'अकोला' लिहिलेला नमुना कॉलेजच्या कपाटात मानानं बसला होता. अमरावतीचा नमुना दादानं केलाच नाही. कोणी उठायच्या आत तो रोपं उपटायचा. एकदा आम्ही दोघं अमरावतीहून लांब, नांदगाव खंडेश्वरला चाललो होतो; रस्त्याला ते गवत दिसलं आणि त्याचा चेहरा उतरला. "हे बी माह्यंच असन का, शांते?"

"काहून भिऊन राहिला इतका? गवतच आहे ना?"

"तुले नाही समजत," एवढंच तो म्हणाला.

मग शेजारच्या जमीलाबीनं भिंतीखालचं गवत उपटलं. तिचे हात फुटले, डोळे सुजून मिटले. दादा तिच्या दारात जाऊन उभा राहिला. "ते मीच आनलं, अकोल्याहून." ती म्हणाली, "जाऊ द्या मास्तर, गवत काय कोनी आनते?" पण त्याला ते पटलं नाही. त्याच दिवशी त्यानं एक रोप दाबलं आणि कागदाखाली स्वच्छ लिहिलं: अमरावती, माझ्या घरामागे, मीच आणलेल्या बियांतून. तो कागद त्यानं कॉलेजात सगळ्यांसमोर ठेवला. मला वाटलं, आता तरी त्याला झोप लागेल. नाही लागली.

परवा वहिनीनं त्याचे कपडे वाटायला काढले. घड्या घालताना एका पँटच्या पायाची दुमड मी उलटली, तर आत काळसर बारीक कण. बी की नुसती माती, मला ओळखता येईना. वहिनी म्हणाली, "झटकून टाका ना अंगनात." पँट तशीच गुंडाळून मी चुलीत घातली, आणि पार राख होईपर्यंत तिथून हलले नाही.